आधी तळे, मग रिंगण

सिंदखेड राजाच्या जाधवांचे घोडदळ, १७२४ साली साखरखेर्ड्याजवळ निजामुल्मुल्क आणि मुबारिझखान यांच्यात झालेली, दख्खनच्या राजकारणाची दिशा बदलणारी लढाई, शेगावहून पंढरपूरला निघणाऱ्या पालखीतले अश्व, मेंढपाळांच्या बिऱ्हाडाचे ओझे वाहणारी तट्टे आणि लग्नसराईतले वरातीचे घोडे. बुलढाणा जिल्ह्याला घोडा परका कधीच नव्हता. पण घोड्यावर बसायला पद्धतशीर शिकवायचे, शिकाऊ घोड्याला रोज फिरवायचे, तर त्यासाठी लागणारी बांधीव जागा हा वेगळाच विषय आहे. आपल्याकडे त्याचा विचार बहुधा उलट्या टोकाने सुरू होतो. आधी कमान, मग प्रेक्षकांच्या पायऱ्या, मग शेड, आणि घोड्याच्या टापा जिथे पडणार त्या जमिनीचा विषय सर्वांत शेवटी निघतो. या जिल्ह्याची माती, पाऊस आणि उन्हाळा एकत्र पाहिले तर क्रम नेमका उलटा लागतो. इथे टिकणारे रिंगण बांधायचे असेल तर ते शेजारच्या तळ्यासकट, एकाच नकाशात आखले पाहिजे. तळ्याच्या खड्ड्यातून रिंगणाचा पाया निघतो, रिंगणावर पडलेला पाऊस तळ्यात जातो आणि तेच पाणी उन्हाळ्यात वाळू ओली ठेवते. हे तिन्ही जुळत नसतील तर त्या जागी रिंगण बांधू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिला आक्षेप साधा आहे आणि तो शेतकऱ्याच्या तोंडून येणार. मोकळे रान पडलेले असताना घोड्याला बांधीव मैदान कशाला? वारीत गोल रिंगण होते ते शेतात, मोकळ्या मैदानातच, आणि माउलींचा अश्व तिथे भरधाव धावतोच की. हे खरे आहे, पण ती धाव काही मिनिटांची, वर्षातून मोजक्या वेळा होणारी. शिकवण्याच्या रिंगणात तोच घोडा त्याच कडेने रोज तास दीड तास फिरतो, त्याच कोपऱ्यात वळतो, त्याच जागी थांबतो. साडेचारशे किलोचा घोडा चौखूर धावतो तेव्हा एका क्षणी एकाच पायावर त्याच्या वजनाच्या जवळजवळ अडीचपट भार येतो. खुराचे क्षेत्रफळ जेमतेम तळहाताएवढे. म्हणजे हजार किलोहून जास्त भार तेवढ्या जागेतून जमिनीत उतरतो, आणि तोही हजारो वेळा. काळी माती मे महिन्यात भेगाळलेली असते, जुलैत तिचा राडा होतो आणि मधले काही आठवडेच ती चालण्याजोगी असते. भेगेत पाय मुरगळणे हा एक धोका झाला. चिखलात खूर रुतून पायाच्या शिरा ताणल्या जाणे हा दुसरा, आणि तो जास्त घातक, कारण शीर एकदा दुखावली की घोडा कित्येक महिने कामाचा राहत नाही. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने २०१४ साली घोड्यांच्या मैदानांच्या पृष्ठभागाविषयी एक शास्त्रीय अहवाल काढला. त्यात कडकपणा, धक्का शोषणे, उसळी आणि पकड या गुणांइतकेच वजन एकसारखेपणाला दिलेले आहे. घोडा थोड्या कडक किंवा थोड्या मऊ जमिनीशी जुळवून घेतो, पण दोन पावलांवर बदलणाऱ्या जमिनीशी त्याला जुळवून घेता येत नाही. आपले मोकळे रान नेमके तसे असते.

या काळ्या मातीचा स्वभाव अभियंत्यांना चांगला ठाऊक आहे. बेसाल्ट खडक झिजून तयार झालेल्या या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. पाणी मिळाले की ते फुगते आणि वाळले की आकसते. कालव्यांचे अस्तर, रस्ते, घरांच्या भिंती या मातीने फोडल्या आहेत. मुंबई आयआयटीतले प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी यावर अनेक वर्षे संशोधन केले. फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या पण चिकटपणा असलेल्या मातीचा पुरेसा जाड थर दाबून बसवला, तर खालची माती फारशी उसळत नाही, हे त्यांनी दाखवून दिले. असा थर म्हणून आपल्याकडचा मुरूम चांगला उपयोगी पडतो. कालव्याच्या काँक्रीटसाठी हा थर सुमारे मीटरभर लागतो, कारण काँक्रीट थोडेही वाकत नाही. वाळूच्या रिंगणाला तेवढ्याची गरज नाही. खाली दोन सेंटिमीटरचा फुगवटा आला तरी वरची वाळू ओढून सपाट करता येते. म्हणून उथळ काळ्या जमिनीवर वरची माती काढून, त्यावर जिओटेक्स्टाइलचे कापड अंथरून, १५-१५ सेंटिमीटरच्या दोन थरांत मुरूम पाणी मारून रोलरने दाबला तर पाया पुरेसा होतो. कापड वाचवू नये. ते नसेल तर टापांच्या माऱ्याने ओली चिकणमाती हळूहळू मुरमातून वर चढते आणि दोन पावसाळ्यांत वाळूत मिसळते. त्यानंतर सगळी वाळू काढून टाकण्यावाचून इलाज उरत नाही. मुरमातले मोठे दगड मात्र हाताने वेचून काढावेत, कारण पायाच्या थरात राहिलेला दगड आज ना उद्या खुराखाली येतो.

मग प्रश्न येतो जागेचा, आणि इथे जिल्ह्याचा भूगोल स्वतःच बरेच काही ठरवून टाकतो. उत्तरेला पूर्णेचे खोरे आहे. तिथे काळ्या मातीचा थर खोल आणि विहिरींचे पाणी खारे. या खारपाणपट्ट्यात मुरूम सापडण्याआधीच खड्डा फार खोल जातो, त्यामुळे पाया बाहेरून आणावा लागतो. शिवाय सातपुड्याच्या पायथ्याकडचा भाग अतिवृष्टीत किती झपाट्याने पाण्याखाली जातो, हे जुलै २०२३ मध्ये संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांनी भोगले आहे. दक्षिणेकडचे पठार मात्र वेगळे आहे. बुलढाणा, चिखली, मेहकर, सिंदखेड राजा या बाजूला अनेक माळांवर फूट-दोन फूट मातीखाली मुरूम लागतो. उतार असतो, पाणी साचत नाही आणि अशी जमीन शेतीला तशी हलकीच. समृद्धी महामार्ग याच भागातून जातो, त्यामुळे घोड्याची गाडी, चाऱ्याचा ट्रक आणणे किंवा अकोल्याच्या पशुवैद्यक संस्थेपर्यंत आजारी जनावर नेणे शक्य होते. लोणारच्या विवराच्या आसपास मात्र कोणी डोळा ठेवू नये. ते अभयारण्य आहे, २०२० पासून रामसर पाणथळ स्थळ आहे, आणि खोदकाम व जनावरांचे मलमूत्र या दोन्हींपासून ते दूरच राहायला हवे. सिंदखेड राजाच्या जाधवांच्या वाड्यालगत रिंगण हवे, ही कल्पना भावनेला पटणारी असली तरी स्मारकांभोवती खोदकामाला कायद्याची बंधने असतात. गावापासून थोडे दूर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला असलेला माळ केव्हाही बरा. गायरानावर डोळा ठेवण्याची सवयही सोडली पाहिजे. गावाची चराई काढून घोड्याचे मैदान केले तर ते गावाला कधीच आपले वाटणार नाही.

तळ्याचा मुद्दा इथून पुढे येतो, आणि त्याला जिल्ह्यातलाच पूर्वदाखला आहे. राष्ट्रीय महामार्गांच्या रुंदीकरणाला भरावासाठी मुरूम आणि माती लागत होती. ती डोंगर फोडून न आणता जिल्ह्यातले तलाव आणि नाले खोल करून काढली गेली. रस्त्याला भराव मिळाला आणि गावाला पाणी. हा प्रयोग पुढे ‘बुलढाणा पॅटर्न’ म्हणून देशभर सांगितला गेला. २०१८ साली भारतीय जैन संघटनेच्या ‘सुजलाम सुफलाम बुलढाणा’ मोहिमेत तलावांतला गाळ निघून शेतांत पडला. तेच तर्कशास्त्र लहान प्रमाणावर रिंगणाला लावून पाहा. २० बाय ४० मीटरच्या रिंगणाचा पाया कडेने दोन-दोन मीटर जास्त धरला तर २४ बाय ४४ मीटरचा होतो. त्यावर ३० सेंटिमीटर मुरूम म्हणजे सुमारे ३१७ घनमीटर, आपल्या बोलीत ११२ ब्रास. शेजारी वरून १५ बाय १५ मीटर, तळाशी ९ बाय ९ मीटर आणि ३ मीटर खोल असे शेततळे खोदले तर ४४१ घनमीटर माल निघतो. वरची दीड फूट काळी माती बांधाला किंवा शेतात टाकली आणि दाबताना मुरूम थोडा आटतो हे धरले, तर उरलेला माल पायाला जेमतेम पुरतो. बाहेरून एक गाडीही आणावी लागत नाही आणि तो खड्डा म्हणजेच तळे. गौण खनिजासाठी तहसील कार्यालयाची परवानगी आणि स्वामित्वधन यांची चौकशी मात्र खोदण्याआधी करावी, जेसीबी दारात उभा केल्यावर नाही.

पाण्याचा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि त्याला पूर्ण उत्तर द्यायला हवे. वाळू कोरडी पडली की ती सैल होते, घोड्याचा पाय आत रुततो आणि धूळ घोड्याच्या व स्वाराच्या छातीत जाते. म्हणून ती ओली ठेवावी लागते. २० बाय ४० मीटरवर दिवसाला ३ मिलिमीटर पाणी शिंपडायचे म्हणजे २,४०० लिटर झाले. जलजीवन मिशनचा माणशी ५५ लिटरचा निकष लावला तर हे पाणी रोज ४३ माणसांचे आहे. उन्हाळ्यात टँकरवर जगणारी गावे ज्या जिल्ह्यात आहेत तिथे हा आकडा डोळ्याआड करून चालत नाही. म्हणूनच टँकर आणि कूपनलिका या दोन्ही गोष्टी आराखड्यातच नकोत. पाऊस काय देतो ते पाहू. जिल्ह्यात वर्षाला सातशे मिलिमीटर पाऊस धरला तर रिंगणावरच साडेपाच लाख लिटरहून अधिक पाणी पडते. त्यातले निम्मे तळ्यात पोहोचले, तळ्यावर थेट पडणारा पाऊस आणि तबेल्याच्या पत्र्यावरचे पाणी त्यात मिळवले, तर ४ लाख ४१ हजार लिटरचे तळे भरते. मात्र मुरमात खोदलेले तळे गळते, म्हणून त्याला प्लास्टिकचे अस्तर हवे. मुले आणि घोडे आत पडू नयेत म्हणून भोवती कुंपण हवे, आणि अस्तरावरून पाय घसरतो म्हणून आत उतरलेल्याला धरून वर येता येईल असा दोर कायम बांधलेला हवा. आता बाष्पीभवन वजा करू. थंडीत कमी आणि एप्रिल-मेमध्ये दिवसाला आठ-दहा मिलिमीटर या हिशेबाने निम्म्याच्या आसपास पाणी उडून जाईल. हाताशी सव्वादोन लाख लिटर उरले, म्हणजे नव्वद-पंचाण्णव दिवसांचे शिंपण झाले. फेब्रुवारीपासून मोजले तर मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत हे पुरते. त्यापुढे पाऊस येईपर्यंत रिंगण बंद ठेवावे. बेचाळीस-त्रेचाळीस अंश उन्हात घोड्याला फिरवणे तसेही क्रूरपणाचे आहे. ज्या वर्षी पाऊस कमी झाला त्या वर्षी रिंगण आणखी लवकर बंद होईल, आणि तेच योग्य आहे.

पावसाळ्यात हेच गणित उलट्या दिशेने चालते. ५० मिलिमीटरची एक जोराची सर आली की या मैदानावर ४० हजार लिटर पाणी पडते. ते वाळूतून खाली उतरून मुरमाच्या दाबलेल्या पाठीवरून बाजूला वाहून गेले पाहिजे. त्यासाठी पायालाच, तळ्याच्या दिशेने, एक टक्का उतार द्यावा. २० मीटर रुंदीला २० सेंटिमीटर. घोड्याला तो जाणवत नाही. उतार दोन टक्क्यांच्या वर नेला तर पाण्याबरोबर वाळूही निघून जाते. खालच्या कडेला खडी भरलेली चर आणि तळ्यात पाणी पडण्याआधी गाळाची कुंडी, एवढे केले तर पाऊस थांबल्यावर थोड्याच वेळात घोडा पुन्हा वाळूवर आणता येतो. छताची मागणी इथेच निकालात निघते. वीस मीटरहून जास्त गाळ्याचे छत, माळावरचा वारा, त्यासाठीचे खांब आणि पाया या सगळ्याला जो पैसा लागतो त्यात उघड्या रिंगणाचे सगळे काम होऊन बराच उरेल.

वाळूवर मात्र मुद्दाम थांबायला हवे, कारण फसवणूक आणि हलगर्जी इथेच होते. १० सेंटिमीटर जाडी म्हणजे ८० घनमीटर, २८ ब्रास. नदीची वाळू गोल दाण्याची असते. पाय पडला की दाणे एकमेकांवरून घरंगळतात आणि पकड मिळत नाही. शिवाय पूर्णा आणि खडकपूर्णेच्या पात्रांची अवैध उपशाने जी दशा झाली आहे ती पाहता घोड्याच्या मैदानासाठी ती मागणे मला पटत नाही. क्रशरची वाळू टोकदार दाण्यांची असते आणि एकमेकांत अडकून बसते. राज्य सरकारनेही २०२५ मध्ये कृत्रिम वाळूचे धोरण आणून तिला उत्तेजन दिले आहे. तिचा दोष म्हणजे भुकटी. न धुतलेली क्रशसँड पावसात सिमेंटसारखी घट्ट बसते आणि उन्हात तिची धूळ उडते. म्हणून धुतलेलीच घ्यावी आणि गाडी रिकामी करण्याआधी तिथेच तपासावी. काचेच्या उभट बरणीत अर्धी वाळू आणि वर पाणी भरा, चिमूटभर मीठ टाका, झाकण लावून जोरात हलवा आणि तीन तास बरणी न हलवता ठेवा. जड वाळू तळाशी बसते आणि भुकटीचा करडा पट्टा तिच्यावर वेगळा दिसतो. पट्टीने दोन्ही मोजा. वाळूच्या उंचीच्या आठ टक्क्यांपर्यंतचा पट्टा बांधकामावर चालवून घेतात, रिंगणाला तो पाचच्या आत हवा. जास्त निघाला तर गाडी परत पाठवावी. सगळी वाळू एकदम टाकण्याचीही घाई नको. आधी ६ सेंटिमीटर टाकून महिनाभर घोडे फिरवा आणि मग गरजेप्रमाणे वाढवा. कमी असलेली वाळू वाढवता येते, जास्त झालेली परत काढणे फार कठीण.

आकाराविषयी वाद घालण्यात अर्थ नाही. २० बाय ६० मीटर हे ड्रेसाजच्या, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या, मोठ्या स्पर्धांचे माप. उडीच्या खुल्या स्पर्धांना त्याहून कितीतरी मोठी जागा लागते. शिकवायला २० बाय ४० पुरते, आणि लांबीच्या बाजूला मोकळी जागा राखून ठेवली तर पुढे वीस मीटर वाढवता येतात. लांबी दक्षिणोत्तर ठेवावी, म्हणजे सकाळ-संध्याकाळचे ऊन लांब बाजूने जाताना डोळ्यांवर येत नाही. कुंपण सव्वा मीटर उंच, लाकडाचे किंवा गोल पाइपचे, खांब बाहेरच्या अंगाला. काटेरी तार शेताच्या बांधावर ठीक असली तरी इथे एक फूटही नको. फाटक ट्रॅक्टर आत येईल इतके रुंद हवे.

घोडेस्वारी ही श्रीमंतांची हौस आहे, तिच्यासाठी एवढा खटाटोप कशाला, हा शेवटचा मोठा आक्षेप. मुंबईत १९४२ साली स्थापन झालेला अ‍ॅमॅच्युअर रायडर्स क्लब आणि महालक्ष्मीचे रेसकोर्स पाहून हा समज होणे स्वाभाविक आहे. २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या ड्रेसाज संघाने घोडेस्वारीत ४१ वर्षांनी सुवर्णपदक आणले, त्यात मुंबईचा हृदय छेडा होता, पण त्या संघातल्या स्वारांची तयारी युरोपात झाली. म्हणजे गुणवत्ता इथली आणि मैदाने तिकडची. तरीही महाराष्ट्रात दुसरी परंपरा आहे. धर्मवीर मुंजे यांनी १९३७ साली नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल काढले तेव्हा घोडेस्वारी हे शिक्षणाचा भाग मानले गेले होते. भीमथडी तट्टाची अलीकडे देशाच्या पशुजातींच्या नोंदीत स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली, आणि ते जपले कोणी तर मेंढपाळांनी. वरातीचा घोडा पाळणाऱ्याला लग्नसराईबाहेर काम नसते, त्यामुळे घोड्याचा वर्षभराचा खर्च तीन-चार महिन्यांच्या कमाईतून काढावा लागतो आणि त्याची झळ शेवटी घोड्यालाच बसते. सकाळी दोन तास शाळेच्या मुलांना शिकवण्याचे भाडे अशा माणसाला मिळाले तर घोडा नीट खाईल आणि मुलालाही घोडा परवडेल. मोठ्या शहरातला क्लब महागडे घोडे विकत घेतो. तालुक्याच्या रिंगणाला आधीच गावात असलेल्या घोड्यांपासून सुरुवात करता येते. मात्र मैदान खराब असेल तर याच माणसाचा एकुलता घोडा लंगडा होईल. पैसा आधी वाळूच्या खाली घाला, हा आग्रह त्याच्यासाठीच आहे.

देखभालीला यंत्रे फार लागत नाहीत, पण रोजचा माणूस लागतो. लीद लगेच उचलायची, कारण ती वाळूत कुजली की भुकटी होते आणि पाणी अडते. घोडे फिरतात ती कडेची वाट रोज खोल होते, तिथली वाळू परत आत ओढायची. ट्रॅक्टरमागे लोखंडी पाटा चालतो, वखर मात्र चालत नाही. त्याची पास खाली मुरमात शिरली तर पाया उकरला जातो आणि दगड वर येतात. खुणा केलेली सळई दहा-बारा ठिकाणी खुपसून जाडी महिन्यातून एकदा मोजावी. हे काम कोणाचे आणि त्याचा पगार कुठून, हे ठरल्याशिवाय पहिला खड्डा खणू नये.

कामाचा क्रम ऋतूंप्रमाणे लावावा. होळीनंतर तळ्याची खुदाई, एप्रिलमध्ये मुरूम पसरून रोलर, मेअखेरीस चर, अस्तर आणि कुंपण. मग पहिला पावसाळा वाळूशिवायच जाऊ द्यावा. कुठे पाणी थांबते, कुठे मुरूम खचतो, चर तुंबते का, हे उघड्या मुरमावर लख्ख दिसते आणि दुरुस्ती स्वस्तात होते. वाळू दिवाळीनंतर टाकावी. मार्गशीर्षात दत्तजयंतीला सारंगखेड्याची आणि त्याच महिन्याच्या अखेरीस नांदेडकडच्या माळेगावची यात्रा भरते. आणखी घोडे घ्यायचे ते तिथून, आणि ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाच्या रक्ततपासणीचा अहवाल हाती आल्याशिवाय कोणताही नवा घोडा गावातल्या घोड्यांजवळ बांधू नये, कारण तो रोग माणसालाही होतो.